विमानतळ ते विमानतळ

माझा धाकटा भाऊ आमच्यापासून सव्वा तासावर राहतो. हा हिशेब त्याचा आहे, माझा नाही. नोकरीसाठी तो तिकडे निघाला तेव्हा आईचे डोळे भरून आले, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "अगं, विमानाने सव्वा तास. तू हाक मारलीस की मी हजर." या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात आईने पुष्कळ हाका मारल्या, पण त्या बहुधा मालगाडीने गेल्या असाव्यात, कारण अजून पोचलेल्या नाहीत.

सव्वा तासावर राहणं ही फार सोयीची गोष्ट आहे. दहा मिनिटांवर राहणाऱ्याला यावंच लागतं. दोन दिवसांच्या अंतरावर राहणाऱ्याला लाज वाटते, म्हणून तो वर्षातून एकदा तरी पेढ्या-बिढ्यांशिवाय का होईना, तोंड दाखवून जातो. सव्वा तासावरचा माणूस मात्र केव्हाही येऊ शकतो, त्यामुळे तो आज येत नाही. फोनवर तो आपला नेमाने सांगतो की अंतर काही नाही. खरंच आहे ते. अंतर काही नाही आणि येणंही काही नाही.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. डोकं शाबूत, गुडघे गेलेले, आणि कान असे की फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय तिला काही कळत नाही. तिची फार मागणी नव्हती. धाकट्याचं घर एकदा बघायचं, एवढंच. "राहायला नको रे," ती म्हणायची. "स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे, तो फोनवर बोलताना कुठे बसतो, ते एकदा बघितलं की मला इथून बोलायला बरं पडेल." हे ती इतक्या वेळा म्हणाली होती की शेवटी एका रविवारी चहा पिताना मी कप खाली ठेवला आणि जाहीर केलं की आईला मी स्वतः घेऊन जाणार. माझी बायको माझ्याकडे बघत राहिली. घरातल्या माणसाने काही चांगलं करायचं ठरवलं की बायका अशाच बघतात.

मी धाकट्याला फोन लावला. "आईला घेऊन येतोय. दोन महिने राहील तुझ्याकडे. हवापालट होईल तिला."

पलीकडे तो दोनदा खाकरला. मग तो म्हणाला, "हो हो, आणा ना दादा. त्यात काय. सव्वा तास तर आहे."

मी विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर काम करतो. समोरच्या माणसाला त्याच्याच जबाबात अडकवणं हेच माझं रोजचं काम. पण सख्ख्या भावाला अडकवल्यावर जे समाधान मिळालं ते मला इतक्या वर्षांच्या नोकरीत मिळालं नव्हतं. त्या दिवशी मला दुपारी फार छान झोप लागली.

बातमी इमारतीत पसरायला जिना पुरतो. आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळे वैमानिक म्हणतात. आयुष्यभर त्यांनी साबणाच्या कारखान्यात हजेरी मांडली, पण मुलीकडे तीन वेळा विमानाने जाऊन आल्यापासून आकाशाचा कारभार त्यांच्याकडे आला आहे. संध्याकाळीच ते नातवाचा पृथ्वीचा गोल आणि एक दोरा घेऊन दारात उभे राहिले.

"किती अंतर धरलंय तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"सव्वा तास."

"ती वेळ झाली. मी अंतर विचारतोय. आणि नकाशावर पट्टी ठेवून मोजलं असेल तर ते चूक. पृथ्वी गोल आहे."

ही माहिती मला होती, पण त्यांनी ती अशा आवाजात दिली की मी खजील झालो. मग त्यांनी गोलावर दोरा ताणला. आमचं शहर गोलाच्या पितळी कड्याखाली गेलेलं होतं आणि धाकट्याच्या शहरावर नातवाने पूर्वी कधीतरी शाई सांडली होती. तरी त्यांनी चिमटीत दोरा धरून अंतर काढलंच. पुढे त्यांनी बजावलं की तीन तास आधी पोचायचं, कानात कापूस घालायचा, आईला दर थोड्या वेळाने पाय हलवायला सांगायचं, आणि उतरल्यावर लगेच उठायचं नाही, कारण लगेच उठतात ते पहिल्यांदा गेलेले असतात. हे सगळं त्यांनी आईलाही ओरडून सांगितलं. आई म्हणाली, "बरं. पण उतरायचं कुठे ते त्या चालवणाऱ्याला माहीत असतं ना?" यावर वैमानिक मनापासून हसले.

मग डॉक्टर. विमान कंपनीला चाकांच्या खुर्चीतल्या वृद्ध प्रवाशासाठी डॉक्टरांचं पत्र लागतं. आमचे डॉक्टर सावध गृहस्थ आहेत. आईची नाडी बघून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, "प्रवास किती वेळाचा?" मी अभिमानाने सव्वा तास सांगितलं, आणि त्यांनी तेवढंच लिहिलं. सव्वा तासाच्या विमानप्रवासास हरकत नाही, सही, शिक्का. मी पत्र घडी घालून खिशात ठेवलं. ज्याने आयुष्यभर लोकांच्या कागदांतला एकेक शब्द खरवडून दावे नामंजूर केले, त्या माणसाने स्वतःचा कागद वाचला नाही.

आता तो सव्वा तास कसा असतो ते सांगतो. तो विमानतळापासून विमानतळापर्यंत असतो, आणि विमानतळात कोणी राहत नाही. आमचा विमानतळ शहराबाहेर आहे असं म्हणतात, पण टॅक्सीतून जाताना मला वाटलं की तो पुढच्या शहराच्या अलीकडे कुठेतरी असावा. आई मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती. निम्म्या वाटेत तिने विचारलं, "हे अंतर त्यात धरलंय का?" मी म्हटलं, नाही. "मग उगाच सव्वा सव्वा काय म्हणतात," ती म्हणाली, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

विमानतळावर चाकांची खुर्ची घेऊन एक दांडगा मदतनीस आला, आईला बसवलं आणि सुसाट निघाला. मी दोन बॅगा आणि आईची काठी घेऊन मागे धावत होतो. रांगेतले लोक आईकडे आदराने आणि माझ्याकडे संशयाने बघत होते. तपासणीच्या ठिकाणी तिच्या पर्समधून छोटी कात्री निघाली. ती त्या पर्समध्ये मी शाळेत असल्यापासून आहे.

"आजी, कात्री कशाला?" तपासणारी बाई म्हणाली.

"दोरे कापायला. तुला काय वाटलं, विमान?"

बाई हसली, पण कात्री ठेवून घेतली. आईने कसलाच वाद घातला नाही. फक्त पर्स बंद करताना म्हणाली, "त्याच्या घरी असेल एखादी." मला उगाचच वाईट वाटलं.

विमान मात्र वेळेवर सुटलं, हे कबूल करायला हवं. आईला खिडकी मिळाली. कापूस घालायला ती तयार नव्हती. आधीच ऐकू येत नाही, त्यात आणखी बोळे कशाला, असं तिचं म्हणणं होतं. ढगांच्या वर गेल्यावर ती म्हणाली, "सुरेख आहे रे." तिच्या चेहऱ्याकडे बघून मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. दोन मुलगे, पण करणारा कोण? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तरही दिलं.

सव्वा तास संपता संपता विमान खाली आलं. शहर दिसू लागलं, एक मोठं तळं दिसलं. मग विमान वळलं. पुन्हा तळं दिसलं. तिसऱ्यांदा तळं आल्यावर आई म्हणाली, "हेच काय दाखवतायत सारखं?" तेवढ्यात वैमानिकाचा, म्हणजे खऱ्या वैमानिकाचा आवाज आला. खाली धावपट्टीवर एक विमान बिघडून उभं आहे, ते हलवेपर्यंत आपण वर थांबू, असं तो म्हणाला. घरातल्या न्हाणीघरात कोणी असलं की बाहेर थांबावं लागतं, तसंच ते होतं. फरक इतकाच की इथे पाय टेकायला जागा नव्हती.

आईला मात्र त्याचं काही वाटलं नाही. तिने कपाळ काचेला लावलं होतं. "तो तळ्याकाठी राहतो ना? गच्चीवर निळ्या टाक्या आहेत म्हणाला होता."

मी वाकून बघितलं. त्या शहरातल्या प्रत्येक गच्चीवर निळ्या टाक्या होत्या.

"ती बघ, ती," आई म्हणाली. "तीच असणार. फोन कर त्याला, गच्चीवर ये म्हणावं."

विमानातून फोन करत नाहीत, हे मी तिला कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तिने मान हलवली. पुढच्या फेरीला ती इमारत आली तशी ती सरसावून बसली, आणि विमान वळून इमारत मागे गेली तशी मान वळवून बघत राहिली. असं बराच वेळ चाललं. मग पुन्हा आवाज आला. धावपट्टी मोकळी व्हायला वेळ लागणार आहे, जवळच्या विमानतळावर जागा नाही, इंधनाचा विचार करता आपण परत जात आहोत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

"काय म्हणाला?" आईने विचारलं.

"परत चाललोय आपण."

"कुठे परत?"

"घरी."

तिने एकदा खाली बघितलं आणि खिडकीची झडप स्वतःच्या हाताने ओढून घेतली. परतीच्या वाटेवर ती झोपली, किंवा डोळे मिटून बसली.

तर अशा रीतीने आम्ही जिथून उडालो तिथेच उतरलो. वैमानिकांच्या दोऱ्याने मोजलं तर अंतर शून्य. दारात उभ्या मुलीने हात जोडून आमच्या प्रवासाबद्दल आभार मानले आणि मी सवयीने तिला धन्यवाद म्हणालो, याचा मला अजून राग येतो. खुर्ची घेऊन सकाळचाच मदतनीस आला. "कुठून आलात?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "इथूनच." त्याने माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं आणि पुढचं सगळं आईशीच बोलला.

कंपनीच्या खिडकीवर एक नीटनेटकी मुलगी होती. मी तिला सांगितलं की आम्हाला पोचवलेलं नाही. तिने पडद्यावर बघून सांगितलं की उड्डाण झालेलं आहे.

"उड्डाण झालं, पण आम्ही पोचलो नाही."

"उतरलात ना सर, सुरक्षित?"

या मुलीला मी आमच्या खात्यात डोळे मिटून घेतलं असतं. ती एकदाही नाही म्हणाली नाही आणि तिने मला काहीही दिलं नाही. बरीच हुज्जत घातल्यावर संध्याकाळच्या विमानात दोन जागा असल्याचं निघालं. मी विजयाने काउंटरवर मूठ आपटणार तेवढ्यात तिने डॉक्टरांचं पत्र मागितलं, नीट वाचलं आणि परत दिलं.

"यात सव्वा तास लिहिलंय सर. आजींचा तेवढा प्रवास होऊन गेला. उलट जास्तच झालाय. नवीन पत्र लागेल."

मी पत्र हातात घेऊन उभा राहिलो. एका गृहस्थाचा दावा मी मागच्याच महिन्यात अशाच कारणावरून परत पाठवला होता, आणि माझ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली होती. पण आज मी हटलो नाही. विमानतळावरच्या डॉक्टरांना शोधून काढलं, ते जेवत होते तर जेवण होईपर्यंत दारात उभा राहिलो, त्यांना आईपाशी आणलं, तिची नाडी बघायला लावली आणि पत्र लिहून घेतलं. या वेळी त्यात वेळ लिहू दिली नाही. मुलीने पत्र बघितलं, जागा पक्क्या केल्या आणि हसली. मी विजयी मुद्रेने आईजवळ आलो. "चल, संध्याकाळी आहे विमान. त्याला कळवू या."

आईला बोलायचं होतं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला आणि तिच्यासमोर धरला.

"हां दादा, पोचलात? मी निघतोच आहे," धाकटा म्हणाला. मागे दूरदर्शनवर कोणीतरी खेळाचं समालोचन करत होतं.

मी सगळं सांगितलं. त्याने लांब श्वास घेतला. "अरे बापरे. म्हणजे तुम्ही तिथेच आहात. मग बरंच झालं, मी निघालोच नव्हतो."

"संध्याकाळच्या विमानाने येतोय."

"आज संध्याकाळी? दादा, आईची किती ओढाताण. राहू दे ना आता. पुढच्या महिन्यात आमचं जरा अवघड आहे, पण त्यानंतर बघू. सव्वा तास तर आहे."

मागून भावजयीचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "येत नाहीयेत ना? मग मी त्या लोकांना सहलीचं हो कळवते."

मी फोन खाली घ्यायला गेलो, पण माझा अंगठा नको तिथे पडला आणि आवाज आणखीच मोठा झाला. आईने हात पुढे करून फोन हळूच बाजूला सारला. "ठेव आता," ती म्हणाली. "त्याची कामं असतील. घरी चल."

"पण जागा मिळाल्यात आई. मी भांडून घेतल्यात."

"घरी चल," ती म्हणाली.

टॅक्सीत मी संतापाने पेटलो होतो. धाकट्याला काय काय सुनावायचं त्याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. आईला विमानतळावरून माघारी फिरवणारा मुलगा. सहलीसाठी. आपणच काय ते केलं, आपणच काय ते करत आलो, तिचं औषध आपण, तिचा चष्मा आपण, आणि हा नुसता फोनवर गोड. मला खरोखर रडू येईल की काय असं वाटलं. तेवढ्यात घरी कळवावं म्हणून मी बायकोला फोन केला. या वेळी स्पीकर बंद ठेवला.

"परत?" बायको म्हणाली. "आज? अहो, पण आज कसं? रंगारी आलाय. निम्मी खोली झालीय. तुमचं टेबलही येऊन पडलंय."

आता हे सांगायला हवं. आईची खोली दोन महिने रिकामी राहणार होती. मी पुढच्या वर्षी निवृत्त होणार, मला बसायला एक जागा हवी होती, आणि ती खोली सगळ्यात उजेडाची आहे. रंग द्यायचा, टेबल मांडायचं, एक फिरती खुर्ची घ्यायची असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. आईला सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांनंतर ती कुठे झोपेल, यावर आमचं बोलणं झालं होतं आणि आम्ही बघू असं म्हणालो होतो. म्हणून तर रविवारी बायको माझ्याकडे तशी बघत होती. हवापालट हा शब्द माझा होता.

मी बायकोला म्हटलं, खोली लगेच आवर. ती म्हणाली, "ओल्या भिंतीला काय आवरू?"

मी टॅक्सीवाल्याला सावकाश घ्यायला सांगितलं. तो माणूस आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी असं सांगतंय अशा नजरेने बघून आणखी जोरात निघाला. सकाळी न संपणारा तो रस्ता आता बघता बघता संपला.

लिफ्टमधून बाहेर आलो तर आमच्या दारासमोर आईचा पलंग उभा करून भिंतीला टेकवलेला होता. उठताना धरायला म्हणून मीच बसवून घेतलेली कडी वर आली होती. शेजारी तिची गादी गुंडाळून दोरीने बांधलेली, आणि प्लास्टिकमधली माझी नवी खुर्ची. रंगारी दारात हात पुसत होता. आणि त्याला रंगाविषयी सूचना देत वैमानिक उभे होते.

"आजी?" ते म्हणाले. "सकाळीच तर गेलात."

"जाऊन आले," आई म्हणाली.

"इतक्यात? भेटला मुलगा?"

"भेटला तर. घर दाखवलं सगळं. तळं दिसतं खिडकीतून. राहा राहा म्हणून मागे लागला होता, सून तर हातच सोडेना. मीच म्हटलं, नको, मला माझ्या घरी बरं वाटतं."

मी तोंड उघडलं होतं. धाकट्याचे सगळे पराक्रम या माणसाला आत्ताच्या आत्ता सांगावेत असं मला फार वाटत होतं. पण आईने काठी टेकून एक पाऊल पुढे टाकलं आणि मी गप्प बसलो. मनातून म्हणालो, बघा, अजूनही त्याचीच बाजू सावरते आहे.

वैमानिकांनी पलंगाकडे बघितलं, मग गादीकडे, मग माझ्याकडे. "मग हे कसं काय? हा म्हणतो, खोली रिकामी करायला सांगितलीय. इथे आता ऑफिस होणार."

रंगाऱ्याने मान डोलावली. दाराआडून बायको पुढे आली आणि तिथेच थांबली. लोकांना नाही म्हणण्याची इतकी वाक्यं मला पाठ आहेत, त्यांतलं एकही उपयोगाचं नव्हतं.

आईने पलंगाच्या कडीला हात लावला, ती नीट घट्ट आहे ना ते बघितल्यासारखं केलं.

"मीच सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली. "मी नाही तेवढ्यात रंग देऊन घे, म्हटलं. तो बिचारा तर नको नको म्हणत होता."

मघाशी धाकट्यासाठी काढला होता, तोच आवाज होता तो.